वीज परत येताच लेथ आपोआप सुरू झाला: घरच्या वर्कशॉपमधील मशिनांना सुरक्षित स्टार्ट-स्टॉप कसे बसवावे?

हौशी टर्नर, सांगली (प्रश्न)

नमस्कार मंडळी. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी एक लहानसे वर्कशॉप मांडले आहे. त्यात जुना विकत घेतलेला साडेचार फुटी लेथ, अर्ध्या हॉर्सपॉवरचे पिलर ड्रिल आणि आठ इंची बेंच ग्राइंडर अशी तीन मशिने आहेत. लेथची मोटर सिंगल फेज, एक हॉर्सपॉवरची, १४४० आरपीएमची असून तिच्या नेमप्लेटवर २३० व्होल्ट आणि ६.८ अँपिअर असे लिहिले आहे. तिन्ही मशिने भिंतीवरच्या एकाच बोर्डावर, १६ अँपिअरच्या सॉकेटांवर चालतात, आणि लेथला मागच्या पायावर बसवलेला एक साधा रोटरी स्विच आहे.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी बुश टर्न करत असताना वीज गेली. पाच-सात मिनिटे वाट पाहिली आणि तोवर जॉब काढून ठेवावा म्हणून मोबाइलच्या उजेडात चकला (जॉब धरून फिरवणाऱ्या पकडीला) चावी लावली. मोबाइल नीट टेकवून ठेवण्यासाठी एक पाऊल मागे सरलो आणि तेवढ्यात वीज आली. रोटरी स्विच ‘ऑन’वरच राहिला होता. चकमधली चावी सुटून मागच्या पत्र्यावर आदळली आणि तिथे अंगठ्याएवढा पोचा पडला. त्या जागी पुष्कळदा माझा अकरा वर्षांचा मुलगा स्टूल घेऊन बसलेला असतो. त्या दिवसापासून मी लेथ चालवलेला नाही आणि योग्य व्यवस्था झाल्याशिवाय चालवणारही नाही.

मला विचारायचे आहे ते असे. वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होऊ नये यासाठी नेमके काय बसवावे लागते? इमर्जन्सी स्टॉप प्रत्येक मशीनला वेगळा हवा की सगळ्यांना मिळून एक चालेल? चुलत्यांच्या शेतावर साडेसात हॉर्सपॉवरच्या पंपाचा जुना स्टार्टर पडून आहे, तो लेथला लावता येईल का? घरातली किरकोळ वायरिंगची कामे मी स्वतः करतो, परंतु कॉन्टॅक्टर कधी हाताळलेला नाही.

पॅनलवाला, चिंचवड

तुम्ही लेथ बंद ठेवलात हे फार योग्य केलेत. गेली बावीस वर्षे मी मशीन टूलची कंट्रोल पॅनल वायर करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

रोटरी स्विचचा मूळ दोष असा की तो हाताने जिथे ठेवला तिथेच राहतो. वीज गेली काय आणि आली काय, त्याला त्याची खबर नसते. मशीनला असा स्विच हवा की ज्याला चालू राहण्यासाठीच वीज लागते आणि वीज गेली की जो आपण होऊन सुटतो. कॉन्टॅक्टर हे काम करतो. त्याच्या कॉइलला वीज मिळाली की तो आतले संपर्क ओढून धरतो, आणि वीज गेली की स्प्रिंग ते संपर्क परत उघडते. उरतो एवढाच प्रश्न की वीज परत आल्यावर कॉइलला ती पुन्हा मिळता कामा नये. त्यासाठी स्टार्टचे बटण दाबेपर्यंतच जुळणारे, म्हणजे नॉर्मली ओपन घेतात, आणि त्याला समांतर कॉन्टॅक्टरचाच एक लहान सहायक संपर्क जोडतात, ज्याच्या टर्मिनलांवर १३ आणि १४ असे आकडे असतात. बटण दाबले की कॉन्टॅक्टर ओढतो, १३-१४ जुळतात, आणि बोट काढले तरी कॉइल स्वतःच्याच संपर्कातून वीज घेत राहते. आम्ही याला होल्डिंग म्हणतो. वीज एकदा गेली की होल्डिंग तुटते, आणि मग कोणीतरी स्टार्ट दाबेपर्यंत मशीन जागचे हलत नाही.

कंट्रोलची वाट अशी ठेवा: फेज आधी एका लहान फ्यूजमधून किंवा एमसीबीमधून (जादा प्रवाह गेल्यास आपोआप पडणाऱ्या स्विचमधून) यावा, तिथून ओव्हरलोड रिलेच्या (मोटरने बराच वेळ जादा प्रवाह घेतल्यास सुटणाऱ्या उपकरणाच्या) ९५-९६ या टर्मिनलांमधून, मग इमर्जन्सी स्टॉपमधून, मग साध्या लाल स्टॉपमधून, मग स्टार्ट आणि १३-१४ च्या समांतर जोडीतून कॉइलच्या ए-१ वर, आणि ए-२ थेट न्यूट्रलवर. स्टॉपची सगळी बटणे नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे न दाबता जुळलेली आणि दाबल्यावर तुटणारी असली पाहिजेत. त्यामुळे स्टॉपच्या बटणाची वायर चुकून तुटली किंवा टर्मिनलमधून निसटली तरी मशीन थांबते.

ए-२ आणि न्यूट्रल यांच्या मध्ये काहीही घालू नका, हे मी मुद्दाम वेगळे लिहीत आहे. एका लहान कारखान्यात दुरुस्तीला गेलो असताना असा शेपर (धातू रंधणारे मशीन) पाहिला की स्टॉप दाबला तरी तो थांबत नव्हता. आधीच्या माणसाने स्टॉपचे बटण न्यूट्रलच्या बाजूला घेतले होते आणि त्या बटणाकडे जाणारी वायर रॅमखालच्या (पुढेमागे सरकणाऱ्या भागाखालच्या) कडेला घासून तिचे इन्सुलेशन नखभर सोलले गेले होते. तिथले उघडे तांबे बॉडीला टेकले होते आणि बॉडी अर्थ केलेली होती. त्यामुळे स्टॉप दाबल्यावर न्यूट्रलची वाट तुटली, तरी कॉइलला परतीची दुसरी वाट बॉडीतून अर्थकडे मिळत राहिली. लहान कॉन्टॅक्टरची कॉइल ओढून धरायला साधारण ३० ते ४० मिलिअँपिअर पुरतात, तेवढा प्रवाह त्या नखभर तांब्यातून सहज जात होता. कामगार बटण दाबत होता आणि रॅम पुढेमागे चालूच होता. तीच बटणे फेजच्या बाजूला असती तर वायर बॉडीला टेकताच फ्यूज उडाला असता.

याचीच दुसरी बाजू अशी की तुमच्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे असतील तर बरोबर केलेले वायरिंगही चुकीचे ठरते. समोरून पाहताना अर्थचे मोठे भोक वर असेल तर फेज उजवीकडे हवा. टेस्टरने बघा, आणि शक्य असल्यास लेथला पिन-सॉकेटऐवजी डबल पोल एमसीबीवरून पक्के कनेक्शन द्या. कॉन्टॅक्टरच्या मुख्य संपर्कांतून फेज आणि न्यूट्रल दोन्ही न्या, म्हणजे थांबल्यावर मोटर दोन्हीकडून सुटी होईल.

तुमच्या मोटरला एसी-३ वर्गातला (म्हणजे मोटर चालवण्यासाठीचा) १२ अँपिअरचा कॉन्टॅक्टर पुरेसा आहे. कॉइल मात्र २३० व्होल्टची मागून घ्या. ओव्हरलोड रिले असा घ्या की ज्याची तबकडी ६.८ वर नेता येईल. बाजारातले बहुतेक रिले थ्री फेजचे असतात आणि त्यांतल्या तिन्ही पट्ट्या सारख्या तापल्या नाहीत तर एक फेज गेला असे समजून ते विनाकारण ट्रिप होतात. म्हणून सिंगल फेज मोटरसाठी फेज एका पोलमधून नेऊन तोच पुन्हा दुसऱ्या पोलमधून फिरवून घ्यावा आणि तिसऱ्यातून न्यूट्रल न्यावा. रीसेट ‘मॅन्युअल’वर ठेवा.

एमसीबी सी प्रकारचा घ्या. मोटर सुरू होताना पाच-सहा पट प्रवाह ओढते आणि सी प्रकारचा एमसीबी पाच ते दहा पटींच्या दरम्यान तत्काळ तुटतो, त्यामुळे १० अँपिअरचा बहुधा चालून जातो. सुरुवातीलाच तुटू लागला तर १६ चा घ्या, पण वायर २.५ चौरस मिलिमीटर तांब्याचीच हवी. एमसीबी वायरला जपतो, मोटरला ओव्हरलोड रिले जपतो, आणि माणसाला जपण्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच) लागतो. या तिघांपैकी एकही दुसऱ्याचे काम करत नाही.

शेतपंप मेकॅनिक, तासगाव

दादा, पंपाच्या स्टार्टरबद्दल मी लिहितो, कारण माझा रोजचा संबंध त्याच्याशीच येतो. तो स्टार्टर लेथला लावू नका.

पहिले कारण म्हणजे त्याची कॉइल बहुतेक करून ४१५ व्होल्टची, दोन फेजांच्या मध्ये जोडलेली असते. २३० वर ती एक तर ओढणारच नाही किंवा अर्धवट ओढून घरघरत राहील आणि संपर्क जळतील. दुसरे, साडेसात हॉर्सपॉवरचा थ्री फेज पंप साधारण ११ अँपिअर घेतो आणि त्याचा रिले त्या हिशोबाने निवडलेला असतो. त्याची तबकडी तुमच्या ६.८ पर्यंत खाली येणारच नाही, म्हणजे मोटर अडकली तरी तो फार उशिरा सुटेल.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. आपल्या भागात शेतीला पुष्कळदा रात्रीची लाइट मिळते, आणि अंधारात विहिरीवर जायला नको म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटो स्विच बसवून घेतात. लाइट आली की थोड्या वेळाने तो स्वतःच स्टार्टरला चालू करतो. पंपाला ते सोयीचे आहे. पण तुमच्याकडे मंगळवारी जे झाले तेच तो स्विच दर वेळी, ठरवून करील. ऑटो स्विच काढलेला दिसला तरी त्याच्या दोन वायरी स्टार्टच्या बटणावर एकमेकींना पिळून ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. तशा स्टार्टरला लाइट येताच तो ओढतो. डबा, बटणे, केबल ग्लँड एवढेच वापरायचे असेल तर वापरा, आतले सगळे नवे घाला.

आणखी एक गोष्ट. ग्राइंडरच्या काही मोटरींच्या आत गुंडाळ्यांजवळ तापमानाचा लहान कटआउट असतो. मोटर तापली की तो सोडतो आणि थंड झाली की आपोआप जोडतो. ग्राइंडर ‘मध्येच बंद पडला’ म्हणून कोणी चाक हाताने फिरवून बघत असताना तो जोडला तर काय होईल, हे सांगायला नको. अशा कटआउटला कॉन्टॅक्टर अडवू शकत नाही, कारण तो मोटरच्याच आत असतो. म्हणून बंद पडलेल्या ग्राइंडरला हात लावण्याआधी पिन बाहेर काढलेली आणि डोळ्यांसमोर ठेवलेली असावी.

लाकूडकाम आणि थोडे लोखंड, डोंबिवली

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. एका बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. पॅनलवाले दादांनी २३० व्होल्टचे कंट्रोल सुचवले आहे. मी घरच्या वर्कशॉपला २४ व्होल्टचे कंट्रोल सुचवीन. कूलंट, लोखंडाचा कीस आणि घामाचे हात जिथे आहेत तिथे बटणाच्या डब्यात २३० व्होल्ट नेण्याची गरज नाही. एक लहान कंट्रोल ट्रान्सफॉर्मर घ्यावा, त्याच्या सेकंडरीचे (२४ व्होल्ट देणाऱ्या बाजूचे) एक टोक अर्थला जोडावे, कॉइलचे ए-२ थेट त्याच टोकावर न्यावे, आणि दुसऱ्या टोकाला फ्यूज घालून सगळी बटणे त्या बाजूला ठेवावीत. मग शेपरसारखी वायर सोलली तर फ्यूज उडून मशीन थांबते, आणि सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असले तरी कंट्रोलच्या वागण्यात फरक पडत नाही. हे टोक अर्थला जोडायचे राहिले तर मात्र हा फायदा मिळत नाही.

पुढे कधी थ्री फेज मोटर आणि व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) बसवण्याचा विचार झाला तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा. व्हीएफडी आणि मोटर यांच्या मध्ये चालू-बंद करण्यासाठी कॉन्टॅक्टर घालू नये. स्टार्ट-स्टॉप ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलांवरून, पुशबटणांनी, तीन वायरींच्या पद्धतीने घ्यावे. रन टर्मिनलवर ‘ऑन’ला राहणारा स्विच लावला तर काही ड्राइव्ह वीज येताच मोटर सुरू करतात, म्हणजे हजारो रुपये खर्चून तुमचा जुना रोटरी स्विचच परत आला. आणि वीज बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब शिल्लक असतो, म्हणून झाकण उघडण्याआधी ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटे पूर्ण थांबावे. लेथचा चक आट्यांवर फिरवून बसवलेला असेल तर ड्राइव्हने झटकन ब्रेक लावणे किंवा उलटे फिरवणेही टाळावे. चक सैल होऊन बेडवर पडतो.

हौशी टर्नर, सांगली

तिघांचेही मनापासून आभार. पंपाचा स्टार्टर उघडून पाहिला. कॉइलवर ४१५ लिहिलेले आहे आणि स्टार्टच्या बटणामागे खरोखरच दोन वायरी पिळून त्यांवर काळी टेप गुंडाळलेली आहे. न विचारता लावला असता तर काय झाले असते, या विचाराने रात्री झोप लागली नाही.

२४ व्होल्टचे कंट्रोल करायचे ठरवले आहे. इमर्जन्सी स्टॉप कुठे आणि किती, एवढे राहिले. शेडमध्ये एकच मोठा स्टॉप दाराजवळ लावावा, असे इथले वायरमन म्हणतात.

पॅनलवाला, चिंचवड

२४ व्होल्टचा मुद्दा मला मान्य आहे. ट्रान्सफॉर्मरचा खर्च वाचवण्यासाठी मी २३० लिहिले होते, पण एकट्याने काम करणाऱ्या माणसाला डोंबिवलीकरांचा सल्ला अधिक चांगला आहे.

दाराजवळचा स्टॉप जरूर लावा. तो दुसऱ्यासाठी आहे: तुम्ही अडकलात तर घरातले कोणी धावत येऊन दाबील. पण तुमचा स्वतःचा स्टॉप मशीनवरच हवा. लेथसमोर नेहमीच्या जागी उभे राहा, उजवा हात क्रॉस स्लाइडच्या हँडलवर ठेवा आणि अशी कल्पना करा की डाव्या बाहीचे टोक जॉबवर गुंडाळले जात आहे. अशा वेळी उजवा हात चकच्या वरून किंवा पलीकडे न नेता जिथे पोहोचतो, तिथे बटण हवे. बहुतेक लहान लेथांवर ती जागा हेडस्टॉकवर नसते. बेडच्या पुढच्या बाजूला, चिप ट्रेच्या कडेखाली, मांडीच्या उंचीवर असते. तिथे मांडीनेही बटण दाबता येते. मुलाला समोर उभे करून हे करून बघा, म्हणजे तुमचा हात कुठे जातो ते तो सांगेल.

बटण लाल मशरूमचे, मागे पिवळी पट्टी असलेले, दाबल्यावर अडकून राहणारे आणि फिरवून सोडायचे घ्या. फिरवून सोडल्यावर मशीन सुरू होता कामा नये. त्यानंतर स्टार्ट वेगळा दाबावा लागला पाहिजे. डबा आयपी ५४ दर्जाचा (धूळ आणि पाण्याचे शिंतोडे रोखणारा), केबल खालून ग्लँडमधून, आणि मल्टिस्ट्रँड वायरच्या प्रत्येक टोकाला फेरूल (टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी).

दाराजवळचा स्टॉप शेडच्या मुख्य कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये घ्या, म्हणजे तो दाबल्यावर तिन्ही मशिनांची वीज तुटेल आणि प्रत्येकाचा स्वतःचा स्टार्टरही सुटेल. शेडचा दिवा मात्र या कॉन्टॅक्टरवर घेऊ नका. चक अजून गरगरत असताना अंधार झाला तर एका संकटातून दुसरे उभे राहते. मीटरपासून शेडपर्यंतची लाइन, आरसीसीबी आणि अर्थिंग मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या आणि अर्थची चाचणी समोर उभे राहून बघा.

चक किंवा बेल्ट बदलताना इमर्जन्सी स्टॉपवर विसंबू नका. त्याने फक्त कॉइल सुटते. कॉन्टॅक्टरचे संपर्क चिकटलेले असतील तर मोटरपर्यंत वीज तशीच असते. त्या कामाला डबल पोल एमसीबी खाली करावा आणि त्यावर कुलूप लावता येणारी क्लिप घालावी.

हौशी टर्नर, सांगली

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. काम झाले, परंतु पहिल्याच दिवशी एक चूक झाली, ती इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

मोटरच्या वायरी सोडून फक्त कंट्रोलला वीज दिली, तर स्टार्टला हातही न लावता कॉन्टॅक्टर टक-टक-टक असा अखंड वाजू लागला. ताबडतोब एमसीबी पाडला. तपासल्यावर लक्षात आले की होल्डिंगची वायर १३-१४ ऐवजी शेजारच्या २१-२२ वर बसली होती. तो नॉर्मली क्लोज्ड संपर्क असल्याने वीज येताच कॉइलला वाट मिळत होती, ओढल्यावर ती वाट तुटत होती, आणि सुटल्यावर पुन्हा जुळत होती. मोटर जोडलेली असती तर लेथ स्टार्टशिवाय धक्के देत फिरला असता. मोटर सोडून आधी कंट्रोल तपासायचे, हे वायरमन दादांनी बजावले होते म्हणून निभावले.

वायर जागेवर लावून मग एकेक परीक्षा घेतली. चालू असताना मुख्य एमसीबी पाडला आणि पुन्हा उचलला. कॉन्टॅक्टर गप्प राहिला. इमर्जन्सी स्टॉप दाबून ठेवून स्टार्ट दाबला. काही झाले नाही. स्टॉप फिरवून सोडला; तरी काही झाले नाही. ओव्हरलोड रिलेचे टेस्ट दाबले, कॉन्टॅक्टर सुटला आणि निळे रीसेट दाबूनही स्टार्टशिवाय ओढला नाही. स्टॉपच्या बटणातली एक वायर मुद्दाम काढून पाहिली, तेव्हा लेथ सुरूच झाला नाही. आरसीसीबीचे ‘टी’ बटणही तपासले. बटणाच्या जागेसाठी मुलाला समोर उभे केले होते. त्याने खडूने जिथे खूण केली ती मी मनात धरलेल्या जागेपेक्षा वीतभर उजवीकडे होती, आणि बटण त्याच खुणेवर बसवले आहे.

शेतपंप मेकॅनिक, तासगाव

दादा, काम चांगले झाले. ड्रिलला आणि ग्राइंडरला आपापला स्टार्टर लागेपर्यंत त्यांच्या पिना बोर्डावरून काढून ठेवा, कारण दाराजवळचा स्टॉप सोडून मुख्य कॉन्टॅक्टर पुन्हा ओढला की त्यांचे जुने स्विच ‘ऑन’वर असल्यास ती दोन्ही अजून आपोआप सुरू होतील. आणि चकच्या चावीला आत स्प्रिंग घालून घ्या, म्हणजे हात सोडला की ती चकमध्ये राहणारच नाही.

हौशी टर्नर, सांगली

दोन्ही पिना आत्ताच काढून फडताळात ठेवल्या. चावीसाठी स्प्रिंग उद्या आणतो.